शाळेऐवजी घरी शिकवायचं ठरवताय? आधी कायदा, मग कागद, मग अभ्यास

माझी लेक तिसरी संपवून शाळेतून बाहेर पडली, तेव्हा मला काळजी होती ती भागाकाराची, व्याकरणाची आणि विज्ञानाच्या प्रयोगांची. ते सगळं हळूहळू जमलं. अडलं ते भलतीकडेच. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग जन्मदाखल्यापेक्षा एका अक्षराने वेगळं होतं. दाखला घेताना आम्ही ते नीट पाहिलं नाही, आणि दहावीचा अर्ज भरायच्या वेळी तेच आडवं आलं. दुरुस्तीच्या हेलपाट्यांत चार महिने गेले. त्यामुळे कोणी नव्या आईबाबांनी मला विचारलं, की मी आधी कायद्याचं आणि कागदांचं बोलते. कोणतं ॲप चांगलं, हे त्यानंतर.

कायदा काय सांगतो

मुलांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. तो ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्यातलं कलम १० पालकांना उद्देशून आहे: आपल्या मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य आहे. घरी शिकवण्याची परवानगी असं काही या कायद्यात नाही. तसा अर्ज नाही, नोंदणी नाही, कुठलं कार्यालयही नाही. त्याच वेळी, मुलाला शाळेत न घातल्याबद्दल पालकाला शिक्षा किंवा दंडही या कायद्यात सांगितलेला नाही.

राज्यघटनेतलं अकरावं मूलभूत कर्तव्यही वाचून ठेवा. २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने ते आलं. त्यात पालकाने ६ ते १४ वयाच्या मुलाला ‘शिक्षणाची संधी’ द्यावी असं म्हटलंय. शाळा हा शब्द तिथे नाही. घरी शिकवणारे पालक याच फरकावर बोट ठेवतात. २०१२ साली हा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयात गेला होता. स्वेच्छेने घरी शिकवणाऱ्या पालकांच्या आड हा कायदा येत नाही, असं केंद्र सरकारने आधी प्रतिज्ञापत्रावर सांगितलं आणि काही महिन्यांत ती भूमिका बदलली. म्हणजे आपण उभे आहोत ती जागा धूसर आहे. ‘होमस्कूलिंग भारतात पूर्ण कायदेशीर आहे’ असं कोणी छातीठोक सांगत असेल तर त्यावर विसंबू नका, आणि ‘पोलीस येतील’ म्हणून घाबरवणाऱ्यांवरही नको.

एका बाबतीत मात्र कायदा स्वच्छ आहे. बहुविकलांग किंवा तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलाला घरीच शिक्षण घेण्याचा पर्याय निवडण्याचा हक्क २०१२ च्या दुरुस्तीने दिला आहे. अशा मुलाचं नाव शाळेच्या पटावर राहतं आणि समग्र शिक्षा योजनेतून विशेष शिक्षकाने घरी येऊन शिकवण्याची सोय असते. तुमचं मूल या गटात बसत असेल तर दाखला अजिबात काढू नका. मुख्याध्यापकांना आणि गटसाधन केंद्राला (शिक्षण विभागाच्या स्थानिक केंद्राला) लेखी अर्ज द्या. या सोयीची माहिती नसल्याने शाळा सोडून बसलेली कुटुंबं मी पाहिली आहेत, आणि ते बघून फार वाईट वाटतं.

आणखी एक सावधगिरी. चार-पाच कुटुंबं एकत्र येतात, एक खोली भाड्याने घेतात, एक ताई शिकवायला ठेवतात, फी ठरवतात. हेतू कितीही चांगला असला तरी सरकारी नजरेला ती विनामान्यता शाळा दिसू शकते, आणि विनामान्यता शाळा चालवण्याला मात्र कायद्यात दंड आहे: एक लाख रुपयांपर्यंत, आणि पुढेही चालू ठेवल्यास दिवसाला दहा हजारांपर्यंत. आठवड्यातून दोनदा मुलं एकमेकांच्या घरी जमली तर ती गोष्ट वेगळी. रोजचा वर्ग, पाटी आणि पावतीपुस्तक सुरू करण्याआधी वकिलाशी बोला.

पहिलं पाऊल : फाइल

एक जाड फाइल आणा आणि तिच्यात हे कागद लावा:

जन्मदाखला. यावर मुलाचं पूर्ण नाव हवं. ‘बेबी ऑफ’ किंवा कोरी जागा असेल तर आधी महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नाव चढवून घ्या. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत तर जन्मतारखेचा मुख्य पुरावा हाच आहे.

आधार कार्ड, जन्मदाखल्याशी अक्षर न् अक्षर जुळणारं.

मूल आधी शाळेत जात असेल तर शाळा सोडल्याचा दाखला. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जात, जनरल रजिस्टर क्रमांक आणि स्टुडंट आयडी या सहा गोष्टी खिडकीपाशी उभं राहूनच तपासा. घरी आल्यावर दिसलेली चूक दुरुस्त करायला कित्येक पट वेळ लागतो. शेवटच्या इयत्तेचं प्रगतिपुस्तक आणि यूडायस या सरकारी नोंदणीतला मुलाचा पेन क्रमांकही मागून घ्या.

आपल्याकडे जातीच्या दाखल्यापासून अधिवासापर्यंत सगळीकडे ‘एलसी आणा’ म्हणतात, म्हणजे हाच शाळा सोडल्याचा दाखला. कधीच शाळेत न गेलेल्या मुलाकडे ती नसते. अशा वेळी वडिलांचा, आजोबांचा, आत्याचा शाळेचा दाखला कामी येतो. आजोबांच्या गावच्या शाळेतून त्यांच्या प्रवेशाचा उतारा आताच काढून ठेवा. जुन्या वह्या भिजतात, फाटतात.

आणि शेवटी मुलाच्या कामाची नोंद. मी महिन्याला दोन पानं लिहीत असे. काय वाचलं, काय केलं, कुठे गेलो, काय अडलं. सोबत तारीख घातलेले चार-पाच फोटो आणि वहीची पानं. असं करायला कोणी सांगितलेलं नाही. पण शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण करणाऱ्या शिक्षिका आमच्या दारात आल्या, तेव्हा याच फाइलने बोलणं सोपं झालं. त्यांच्या यादीत महिनाभराहून जास्त गैरहजर असलेलं मूल शाळाबाह्य ठरतं. त्या त्यांचं काम करत असतात. त्यांना आत बोलवा, पाणी द्या, फाइल दाखवा. मूल काय शिकतंय आणि पुढे कोणत्या मंडळाची परीक्षा देणार आहे, हे दोन वाक्यांत सांगा. वाद घालू नका. नोंद त्यांना जशी करायची तशी करू द्या आणि तारीख आपल्या वहीत लिहून ठेवा.

दुसरं पाऊल : पहिले तीन महिने

शाळेतून काढलेल्या मुलाला लगेच घरचं वेळापत्रक लावू नका. माझ्या लेकीला पहिले दोन महिने ‘हे परीक्षेला आहे का?’ असं विचारायची सवय होती. ती सवय सुटेपर्यंत आम्ही सकाळी भाजी आणली, हिशेब केला, नदीवर गेलो, दुपारी गोष्टी वाचल्या. तिसऱ्या महिन्यात तिने स्वतः गणिताचं पुस्तक काढलं. सगळ्यांच्या घरी असंच होईल असं नाही, पण थोडी मोकळी जागा द्यायलाच हवी.

आजी-आजोबांना आधी सांगा, शेजाऱ्यांना नंतर. माझ्या सासूबाईंना हा निर्णय पटला नव्हता. ‘चारचौघांत बसायची सवय कशी लागणार?’ हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो खरा होता. आम्ही त्यावर काम केलं: संध्याकाळचं मैदान, गाण्याचा वर्ग, वाचनालय. गाण्याच्या परीक्षांचा तर फार उपयोग झाला. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसायला शाळेचं नाव लागत नाही. प्रारंभिकपासून पुढे चढत जाता येतं, आणि परीक्षा देण्याचा सरावही होतो. उलट राज्य सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा शाळेमार्फतच भरावी लागते, ती आपल्या मुलांना मिळत नाही. हे आधीच माहीत असलेलं बरं.

दोघेही नोकरी करत असाल तर घरी दिवसभर कोण असेल, याचं उत्तर सापडेपर्यंत दाखला काढू नका. मूल आणि मोबाइल एवढेच घरी उरणार असतील तर शाळा शंभर पटीने बरी.

तिसरं पाऊल : कोणतं साधन कशासाठी

पैसे भरून घ्यायच्या ॲपपासून सुरुवात करू नका. वर्षभराची फी एकदम घेणारी ॲप मी दोन घेतली, दोन्ही तीन आठवड्यांत बंद पडून राहिली. फुकट मिळणारं साहित्य इतकं आहे की आधी ते वापरून संपवा.

पाया म्हणून बालभारतीची पुस्तकं. पहिलीपासूनची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून पीडीएफ स्वरूपात विनामूल्य उतरवता येतात. तरी छापील संच घ्याच, तो स्वस्त असतो आणि मुलाला त्यावर पेन्सिलने लिहिता येतं. धड्यांवरचा क्यूआर कोड दीक्षा ॲपने स्कॅन केला की त्या धड्याचे व्हिडिओ आणि सराव उघडतो. सगळे व्हिडिओ सारखे चांगले नाहीत. आधी स्वतः बघा, मग दाखवा. एक जुनी इयत्ताही उतरवून ठेवा. चौथीतलं मूल भागाकारात अडलं तर तिसरीचं पुस्तक उघडण्यात काहीच कमीपणा नाही, आणि घरी शिकण्याचा सगळ्यात मोठा फायदा मला तरी हाच वाटतो.

गणितासाठी खान अकॅडमी. तिथे मराठीतही साहित्य आहे. मूल कुठे चुकतंय हे पालकाच्या खात्यात दिसतं, त्यामुळे आपण दुसऱ्या दिवशी त्याच जागेवर वहीत काम करू शकतो. दिवसाला वीस मिनिटं पुरे. भूमितीसाठी जिओजेब्रा. त्रिकोणाचा एक कोपरा ओढला तरी तीन कोनांची बेरीज १८० अंशच राहते, हे लेकीने पडद्यावर पाहिलं आणि मग अर्धा तास तो त्रिकोण ओढत बसली. पुढचं प्रमेय तिला समजावून सांगावं लागलं नाही.

विज्ञानासाठी हातांनी करण्याच्या गोष्टी आधी. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून करायची शेकडो खेळणी आहेत. पुण्याच्या आयुकामधल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं मुलांसोबत हे काम केलं. बरेचसे छोटे चित्रफीत-पाठ मराठीतही आहेत आणि सोबत पुस्तकांचं मोठं मोफत ग्रंथालय आहे. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबपासून त्रिमिती आकार करायला आठवडा लागला, आणि त्या आठवड्यात आम्ही दुसरं काही शिकलो नाही. मला त्याचा आजही आनंद वाटतो. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे; प्राथमिक वर्गांसाठी त्यांनी केलेली ‘स्मॉल सायन्स’ ही पुस्तकमालिका निरीक्षणावर उभी आहे, पालकांसाठी तर ती फारच चांगली. विजेचं मंडल, लंबक, प्रकाशाचं वक्रीभवन हे घरी मांडता आलं नाही तर फेट या संकेतस्थळावरची सिम्युलेशन्स वापरा. त्यातली पुष्कळशी मराठीत भाषांतरित आहेत.

वाचनासाठी दोन ठेवे. एक, बालभारतीचं ‘किशोर’ मासिक. १९७१ पासूनचं हे मासिक आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन वाचता येतात. आमच्या घरी आजोबा आणि नात जुने अंक एकत्र वाचत बसायचे. दुसरा, प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर. तिथे वाचनपातळीप्रमाणे लावलेल्या मराठी गोष्टी आहेत आणि तीच गोष्ट इंग्रजीत, हिंदीतही उघडते. इंग्रजी शिकवायला याहून सोपी युक्ती मला सापडली नाही: आधी मराठीत वाचायची, मग तीच इंग्रजीत.

पाचवीनंतर मूल ‘हे कशामुळे?’ विचारायला लागलं की वाईच्या मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळाची ओळख करून द्या. भाषा थोडी जड आहे, शेजारी बसून वाचावं लागतं. प्रोग्रामिंगची आवड दिसली तर स्क्रॅच. पक्ष्यांसाठी मर्लिन ॲप, आकाशासाठी स्टेलॅरियम. एवढं पुष्कळ झालं.

नियम एकच ठेवा: पडद्यावर जे पाहिलं त्याचं त्याच दिवशी हातांनी काहीतरी झालं पाहिजे. चित्र, गणित, प्रयोग, किंवा बाबांना तोंडी सांगणं. नाहीतर तो व्हिडिओ फक्त करमणूक असतो.

घरी शिकवणाऱ्या कुटुंबांचं ‘स्वशिक्षण’ नावाचं देशव्यापी जाळं आहे, आणि शिक्षणाबद्दल खोलात विचार करायचा तर पुण्याहून निघणारं ‘पालकनीती’ वाचा. त्यातून सवंगडी मिळतात, आणि आपण एकटे नाही हे कळतं.

मधेच शाळेत परत जावंसं वाटलं तर

वाटू शकतं, आणि त्यात हार नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ४ इथे मदतीला येतं: कधीच शाळेत न गेलेल्या किंवा शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयानुसार योग्य वर्गात घ्यायचं आणि मागे असेल तर विशेष प्रशिक्षण द्यायचं. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि प्रवेशासाठी चाळणी परीक्षाही घेता येत नाही. हे आठवीपर्यंत. सरकारी किंवा महापालिकेच्या शाळेत हा रस्ता सगळ्यात सरळ असतो. पाचवी आणि आठवीला आता महाराष्ट्रात वार्षिक परीक्षा उत्तीर्ण होण्याची अट आहे, त्यामुळे सहावीत किंवा पुढे परत जायचं असेल तर पाचवीचा अभ्यासक्रम पक्का करून घ्या. नववीत थेट प्रवेश मात्र कठीण जातो. परत जायचं असेल तर आठवीच्या आत ठरवा.

चौथं पाऊल : चौदाव्या वर्षाकडून मागे मोजा

मूल दहा-अकरा वर्षांचं झालं की दहावी कुठून द्यायची हे ठरवायला घ्या. रस्ते तीन-चार आहेत.

महाराष्ट्र राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म सगळ्यांना माहीत असतो. पण तो शाळा सोडलेल्या मुलांसाठी आहे आणि त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तिसरीतच बाहेर पडलेल्या किंवा शाळेत कधीच न गेलेल्या मुलासाठी त्यावर अवलंबून राहू नका.

महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ २०१७ मध्ये सुरू झालं. पुण्याहून चालणाऱ्या या मंडळाच्या पाचवी आणि आठवी स्तराच्याही परीक्षा होतात. पाचवीसाठी १० वर्षं पूर्ण, आठवीसाठी १३. हातात एखादा सरकारी कागद असावा असं वाटणाऱ्या पालकांना हे सोयीचं आहे.

तिसरा रस्ता आयजीसीएसईचा, म्हणजे केंब्रिजच्या दहावी स्तराच्या परीक्षेचा. खासगी परीक्षार्थी घेणारं केंद्र शोधावं लागतं, खर्च खूप येतो आणि पुढे समकक्षतेचा कागद लागतो. परदेशी जायचं नक्की असेल तरच मी त्या वाटेला जाईन.

उरली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्था, म्हणजे एनआयओएस. १९८९ पासूनचं हे केंद्रीय मंडळ आहे आणि घरी शिकणाऱ्या बहुतेक मुलांची दहावी याच दारातून होते. गोव्यातल्या आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी कुटुंबांनाही हेच सोपं पडतं. दहावीसाठी वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत, बारावीसाठी १५. दहावीच्या प्रवेशाला आधीच्या शाळेचा दाखला नसला तरी ‘हा अभ्यासक्रम मी करू शकतो’ असं स्वयंघोषणापत्र चालतं. दहावी मराठी माध्यमातूनही देता येते.

किमान पाच विषय घ्यायचे. इथे घाई करू नका. गणित (२११) आणि विज्ञान व तंत्रज्ञान (२१२) दोन्ही घेतले तर अकरावीला विज्ञान शाखा मोकळी राहते. मुलाला गणित खरंच नकोसं असेल तर गृहविज्ञान, चित्रकला, व्यवसाय अध्ययन असे विषय आहेत. तो निर्णय मुलासोबत बसून, त्याचे परिणाम सांगून घ्या.

या मंडळाचं मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे वेळ. नोंदणी पाच वर्षं चालते आणि त्यात नऊ वेळा परीक्षेला बसता येतं. परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. लेकीने पहिल्या फेरीत मराठी आणि चित्रकला दिली, सहा महिन्यांनी बाकीचे तीन. पहिल्या वेळची परीक्षेची भीती दोन सोप्या विषयांत संपली.

अर्ज ऑनलाइन भरताना अभ्यासकेंद्र निवडायचं असतं. यादीतलं पहिलं नाव निवडू नका. प्रत्यक्ष जाऊन बघा, विज्ञान घेणार असाल तर प्रयोगशाळा उघडी असते का ते विचारा, कारण प्रात्यक्षिकं तिथेच होतात. ‘सगळं आम्ही करून देतो, मुलाने फक्त सही करायची’ असं सांगणारा एजंट भेटला तर तिथून निघा. अर्ज स्वतःच्या मोबाइल क्रमांकावरून, स्वतःच्या ईमेलवरून भरा. पासवर्ड त्याच फाइलमध्ये लिहून ठेवा. प्रवेश शुल्क आणि परीक्षा शुल्क वेगवेगळ्या वेळी भरायचं असतं, आणि नवीन पालक हमखास चुकतात ते इथेच. प्रवेश घेतला म्हणजे परीक्षेची नोंदणी झाली असं नाही.

टीएमए, म्हणजे घरी लिहून अपलोड करायचे स्वाध्याय, यांना २० टक्के गुण आहेत. पुस्तकातले कोणते धडे स्वाध्यायासाठी आणि कोणते लेखी परीक्षेसाठी हे मंडळाने वेगळं करून दिलेलं असतं. ती यादी अभ्यासाच्या पहिल्याच दिवशी भिंतीवर लावा. या अभ्यासक्रमाचे व्हिडिओ स्वयं या सरकारी व्यासपीठावर विनामूल्य आहेत. आणि दोन वर्षांपेक्षा कमी अंतराने दहावी-बारावी उरकण्याचा विचार असेल तर तो सोडा. बारावीचं पूर्ण प्रमाणपत्र मिळायला मधे दोन वर्षांचं अंतर लागतं.

निकालानंतर तीन कागद मिळतात: गुणपत्रक, प्रमाणपत्र आणि मायग्रेशन-कम-ट्रान्सफर सर्टिफिकेट. अकरावीच्या प्रवेशाला जिथे एलसी मागतात तिथे हा तिसरा कागद द्यायचा. कॉलेजातल्या खिडकीवर तो पाहून कोणी ‘हे काय?’ असं विचारलं तर कागदाचं नाव शांतपणे वाचून दाखवा. लेकीच्या वेळी तेवढ्यावर काम झालं. मूळ प्रत देण्याआधी तिन्ही कागदांच्या रंगीत प्रती काढा, आणि आईचं नाव, जन्मतारीख, स्पेलिंग जन्मदाखल्याशेजारी ठेवून पुन्हा एकदा ताडून बघा. चूक दिसली तर त्याच आठवड्यात पुण्याच्या प्रादेशिक केंद्राकडे अर्ज करा आणि त्याची पोच घ्या.